नवाहो चांदीचं ओतीव कडं: खडा सोडा, पाठ बघा

रानजाई

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत येऊन नऊ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी हायवेवरच्या एका दुकानातून चांदीचं कडं घेतलं होतं. उघड्या तोंडाचं, मधोमध निळा पिरोजा, दोन्ही बाजूंनी वेलीसारख्या वळलेल्या पट्ट्या आणि मध्ये जाळी. चिठ्ठीवर 'नवाहो, ओतीव, हाताने केलेले' असं लिहिलं होतं. (नवाहो ही इथली एक मूळनिवासी जमात.) दुकानाचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही.

दोन वर्षांनी आई-बाबा आले तेव्हा सांता फेला गेलो. तिथे चौकात १६१० सालचा 'पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स' आहे. त्याच्या लांबलचक ओसरीत मूळनिवासी कारागीर भिंतीला टेकून, पुढ्यात फडकं अंथरून बसतात. बसायला जागा मिळावी म्हणून सकाळी चिठ्ठ्या काढतात. माल स्वतःचा किंवा घरच्यांनी केलेला हवा, त्यावर नोंदवलेली खूण हवी, असे नियम आहेत. एका नवाहो आजींकडे मी कानातलं बघत होते. त्यांची नजर माझ्या मनगटाकडे गेली. कडं मागितलं. मला वाटलं खडा बघतील. त्यांनी खड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कडं उलटं केलं, आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि परत देताना एवढंच म्हणाल्या, "याला दगड लागलेलाच नाही."

पिरोजा खोटा निघाला असं समजून मी हिरमुसले. आजी हसल्या आणि स्वतःच्या हातातलं कडं काढून माझ्या हातावर उलटं ठेवलं. आतली बाजू गुळगुळीत नव्हती. ताकातल्या भाकरीच्या पिठासारखी बारीक रवाळ, मधे मधे टाचणीच्या टोकाएवढे खळगे. त्यांना साच्याचा दगड म्हणायचा होता. चांदी दगडात ओतली की दगडाची कातडी चांदीवर उठते. माझ्या कड्याची पाठ काचेसारखी होती, कारण ते रबरी साच्यावरून काढलेल्या मेणाच्या प्रतीवरून, यंत्रात गरगर फिरवून ओतलेलं होतं. तसली शेकडो निघतात.

तेव्हापासून मला नादच लागलाय. मागच्या उन्हाळ्यात एका प्रात्यक्षिकात हे काम तीन फुटांवरून बघायला मिळालं, म्हणून हा धागा. जमेल तसं लिहिते.

साच्याला वापरतात तो टुफा, म्हणजे ज्वालामुखीची राख दाबली जाऊन झालेला मऊ, हलका दगड. चाकूने कोरता येतो. (जुन्या लोकांनी वालुकाश्मही वापरला. तो जास्त टिकतो पण कोरायला कठीण.) करवतीने दगडाचे दोन तुकडे केले आणि ते एकमेकांवर घासत बसले, जात्याच्या दोन तळ्यांसारखे. मधून उजेड दिसेनासा होईपर्यंत घासायचं. मग एकाच तुकड्यावर नक्षी खोदायची. उलटी खोदायची, म्हणजे जे उंच हवं ते खोल. आणि कडं गोल असलं तरी खोदायचं सपाट, सरळ उलगडून. वरून चांदी आत यायला नरसाळ्यासारखी वाट, आणि नक्षीच्या टोकांपासून दगडाच्या कडेपर्यंत केसासारख्या बारीक रेघा. त्या रेघा हवा निघायला. कारागीर म्हणाला, नक्षी कोणीही शिकेल, रेघा कुठे मारायच्या ते दहा वर्षांनी कळतं.

मग दोन्ही तुकड्यांवर ज्योतीची काजळी धरली, पार काळेकुट्ट होईपर्यंत. काजळीमुळे चांदी दगडाला धरत नाही आणि पुढे सरकते. साचा आधी गरम करून घेतला. दगडात ओल राहिली तर वाफ होऊन वितळलेली चांदी उलटी अंगावर येते. त्याच्या मनगटावर तसे दोन पांढरे डाग होते. तुकडे जोडून तारेने करकचून बांधले. मुशीत चांदी, वर चिमूटभर टाकणखार. चांदी आरशासारखी गोल गोल फिरायला लागली की एका दमात ओतायची. थबकलं की संपलं. निम्म्यात गोठते.

मिनिटभरात उघडलं. आत काळपट चांदीचं सपाट कोळ्याचं जाळं, वर नरसाळ्याची जाड शेपटी. पहिला साचा फुकट गेला होता, एका टोकापर्यंत चांदी पोचलीच नव्हती. त्याने 'अरेरे' केलं नाही. कात्रीने तुकडे करून परत मुशीत टाकले. दुसऱ्या वेळी जमलं. शेपटी कापली, कानशीने कडा घासल्या, जाळी तापवून मऊ केली, दांडक्यावर लाकडी हातोडीने वळवली. कोंदण सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे सोनारकामाची माहिती असलेलं कोणी आहे का इथे?

सुपारी

काय लिहिलंयस! भाकरीच्या पिठाची उपमा भारी. पण फोटो कुठाय?

ओंडका

माहिती छान. पण एक शंका. चांदीचा भाव नेटवर सगळ्यांना दिसतो. पन्नास-साठ ग्रॅमच्या कड्याला हे लोक सहाशे-आठशे डॉलर लावतात. रबरी साच्यातलं असो की दगडातलं, चांदी तीच ना? पाठ कोण बघतं?

रानजाई

@ओंडका, मोहनथाळ घेताना साखर-बेसनाचा भाव धरून पैसे देता का? टुफाचा साचा दोन-चार ओतणीत झिजतो, तडकतो. पुष्कळदा पहिल्याच ओतणीत जातो. म्हणजे दर कड्यामागे दगड पुन्हा कापा, घासा, खोदा. आपण तिला घडणावळ म्हणतो आणि पुण्यात मुकाट्याने देतो. इथेच कशी टोचते?

मूसकर

रानजाईताई, मी कोल्हापूरचा, घरात तीन पिढ्या सोनारकाम. मी स्वतः आयटीत गेलो, पण भात्याजवळ बसून मोठा झालो.

आमच्याकडे ओतायचं ते मुख्यतः लगड करण्यापुरतं. चांदी आटवायची, तेल लावलेल्या लोखंडी साच्यात लांबट ओतायची, मग ठोकून पत्रा किंवा ओढून तार. दागिना त्या पत्र्यातून-तारेतून झाळून उभा करायचा. तुम्ही लिहिलंत तसं थेट दागिन्याच्या आकारात, दगडात, एकाच तुकड्याला ओतणं आमच्या घरात मी पाहिलेलं नाही. देवाचे टाक-मूर्ती वेगळ्या, तिथे मेण आणि माती.

वॉशिंग्टन मॅथ्यूज नावाचा अमेरिकन सैन्यातला डॉक्टर न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट विंगेटला होता. त्याने १८८० च्या सुमारास नवाहो चांदीकामाचं वर्णन लिहून ठेवलंय. मी ते कॉलेजात असताना वाचलं आणि आजोबांना वाचून दाखवलं. मातीची भट्टी, बकऱ्याच्या कातड्याचा भाता, मातीच्या मुशी, वालुकाश्मात खोदलेले लगडीचे साचे आणि ओतण्याआधी त्यांना चोपडलेली चरबी. आजोबा म्हणाले, "हे तर आपलंच आहे की रे, फक्त चरबीऐवजी तेल."

चांदी कुठून यायची तेही सारखंच. आजोबांच्या तरुणपणी गिऱ्हाईक राणीछाप रुपये आणून द्यायचं. रुपया बरोबर तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. वजन करायलाही नको, मोजले की झालं. नवाहो कारागीर आधी अमेरिकी डॉलर आटवायचे, त्यात नव्वद टक्के चांदी. नाणी मोडण्यावर सरकारने बडगा उगारल्यावर मेक्सिकन पेसोकडे वळले. पेसोत चांदी किंचित जास्त. आणि पेसो मिळेनासा झाल्यावर व्यापाऱ्यांनी तयार लगडी पुरवल्या.

पाठीबद्दल बोललात ते शंभर टक्के पटलं. आजोबा कुठलाही दागिना हातात घेतला की आधी उलटा करायचे. दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी असते, पाठीवर सोनार सापडतो, असं त्यांचं म्हणणं.

वाटसरू_६६

मी फिनिक्सला असतो, कामानिमित्त न्यू मेक्सिकोतल्या गॅलपला बरंच जाणं होतं. थोडी भर.

नवाहो लोक स्वतःला 'दिने' म्हणतात. चांदीला 'पांढरा धातू' अशा अर्थाचा शब्द आहे. आणि ही कला फार जुनी नाही. पहिला नवाहो लोहार-चांदीकार म्हणून ज्याचं नाव घेतात तो अत्सिदी सानी, म्हणजे 'म्हातारा लोहार'. तो एका मेक्सिकन लोहाराकडून लोखंडकाम शिकला, घोड्यांचे लगाम-कड्या करायला. १८६४ साली अमेरिकी सैन्याने या लोकांना त्यांच्या मुलखातून हाकलून शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेऊन डांबलं. चार वर्षं. हजारोंनी माणसं वाटेत आणि तिथे मेली. १ जून १८६८ च्या तहानंतर परत आले. चांदीकाम खऱ्या अर्थाने फोफावलं ते त्यानंतर. अत्सिदी चॉन नावाच्या दुसऱ्या कारागिराने १८७२ च्या सुमारास शेजारच्या झुनी लोकांपैकी एकाला शिकवलं. पुढे झुनी बारीक खड्यांच्या जडावकामात गेले, शेजारचेच होपी लोक दोन पत्र्यांच्या कापकामात, आणि जाड, वजनदार ओतकाम नवाहोंची ओळख राहिली.

ओतीव कामात मला सगळ्यात आवडतो तो केटो. धनुष्याची दोरी सुटताना मनगटावर सपकन बसते, म्हणून डाव्या मनगटावर कातड्याचा रुंद पट्टा बांधत. त्यावर हे चांदीची ओतीव जाळी बसवू लागले. मधोमध खडा, तिथून चार दिशांना जाणारे वळणदार हात. धनुष्यं गेली, केटो राहिला. विधीला, नाचाला पुरुष अजून घालतात.

ओंडका

म्हणजे तंत्र मेक्सिकन, नाणी अमेरिकन, नक्षी स्पॅनिश. मग यात नवाहो काय?

(भांडायला नाही, खरंच विचारतोय.)

वाटसरू_६६

विचार की. उलट तुझ्या यादीत अजून एक घाल. त्यांच्या प्रसिद्ध हारात खाली लोंबतो तो नाजा, चंद्रकोरीसारखा. तो मूर लोकांकडून स्पेनला गेला, स्पॅनिश घोड्यांच्या कपाळपट्टीवर बसून इथे आला. नवाहोंनी तो घोड्याच्या कपाळावर पाहिला आणि आपल्या छातीवर घेतला. त्याच हारातल्या फुलांना इंग्रजीत भोपळ्याची फुलं म्हणतात, पण नीट बघ, ती डाळिंबाची कळी आहे. स्पॅनिश कपड्यांच्या गुंड्यांवरची.

मूसकर

ओंडकाशेठ, तुमच्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी कुठून आली? व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवरून. त्यावरचा ख्रिस्ती संत आपल्या बायकांना दिसला नाही, त्यांना राम-सीता दिसले. आता पुतळीमाळ इटलीची म्हणायची का?

ओंडका

बरं बाबा, पाठ टेकली. आता पाठ बघतोही.

खडकाळ

दगडाचा विषय निघाला आणि मी गप्प बसू? भूशास्त्रवाला आहे, माफ करा, लांबेल.

पिरोजा म्हणजे तांबं आणि अॅल्युमिनियमचं पाणीदार फॉस्फेट. कोरड्या प्रदेशात तांब्याच्या खडकांतून पावसाचं पाणी मुरतं, फटींमध्ये हे खनिज बसतं. त्यामुळे तो जमिनीच्या वरच्या थरात, पातळ शिरांमध्ये किंवा गाठींमध्ये मिळतो. तांब्यामुळे निळा, लोह शिरलं की हिरवट. आजूबाजूच्या खडकाच्या रेघा आत राहिल्या की ती काळी-तपकिरी जाळी दिसते. काठिण्य पाच-सहा, म्हणजे काचेच्या आसपास. आणि तो सच्छिद्र असतो. घाम, तेल, साबण सगळं पितो आणि वर्षानुवर्षं हिरवट होत जातो.

न्यू मेक्सिकोतल्या सेरिओसच्या टेकड्यांत प्युएब्लो लोक (इथल्या जुन्या गावांतले मूळनिवासी) हजारेक वर्षांपूर्वीपासून दगडी हत्यारांनी पिरोजा खणत होते. म्हणजे चांदी इथे नवी, खडा फार जुना. दिने लोकांच्या चार पवित्र दिशापर्वतांपैकी दक्षिणेचा माउंट टेलर पिरोजाचा. पूर्वेला पांढरा शिंपला, पश्चिमेला अबलोनी शिंपला, उत्तरेला काळा जेट (कोळशाच्या जातीचा दगड).

आता गंमत. पिरोजा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, दगड इराणच्या निशापूरचा. अॅरिझोनातल्या गनाडोचा व्यापारी लोरेन्झो हबेल १८९० च्या सुमारास नवाहो कारागिरांना द्यायला चक्क इराणी पिरोजा मागवत असे. आपल्या मुघल-पेशव्यांच्या काळातल्या दागिन्यांना जिथून खडा येई, तिथलाच अॅरिझोनात.

बाजारात सध्या नैसर्गिक, न प्रक्रिया केलेला खडा थोडाच. बराचसा राळ मुरवून टणक केलेला असतो. ती फसवणूक नाही, सांगून विकलं तर. फसवणूक म्हणजे रंगवलेला हाऊलाइट (एक स्वस्त पांढरा दगड) किंवा भुकटी-राळेची वीट कापून केलेला 'पिरोजा'. आणि 'स्लीपिंग ब्यूटी' नाव सांगून कोणी स्वस्तात आकाशी खडा देत असेल तर सावध. अॅरिझोनातल्या ग्लोबजवळच्या त्या नावाच्या खाणीतलं पिरोजाचं काम २०१२ ला बंद झालंय.

सुपारी

मग खरा-खोटा घरी ओळखायचा कसा? गरम सुई लावायची ना?

खडकाळ

नको! राळ असली तर वितळून वास येतो हे खरं, पण राळ मुरवलेला खराच खडा असतो, त्याला डाग पडून बसेल. विकत घेताना पावतीवर खाणीचं नाव आणि 'नैसर्गिक' की 'स्थिरीकृत' (राळ मुरवलेला) ते लिहून मागा. लिहून द्यायला जो का-कू करतो तिथे उत्तर मिळालं.

रानजाई

@खडकाळ, इराणचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

पावतीवरून आठवलं. इथे १९९० चा कायदा आहे. जमातीचा सदस्य नसलेल्याने केलेली वस्तू 'इंडियन-मेड' म्हणून विकणं गुन्हा. दंड अडीच लाख डॉलरपर्यंत, पाच वर्षांपर्यंत कैद. तरी २०१५ मध्ये अल्बुकर्की परिसरात धाडी पडल्या तेव्हा फिलिपिन्समध्ये बनवलेले दागिने मूळनिवासींचे म्हणून विकणारं जाळं सापडलं. २०१८ ला एकाला सहा महिने शिक्षा झाली. आजी म्हणाल्या त्याचा अर्थ मला ते वाचल्यावर नीट लागला. त्यांच्या शेजारच्या चौकात त्यांच्याच नक्षीचं कडं पाव किमतीला मिळतं. त्यांनी दिवसभर दगड घासायचा कशाला?

दुकानांत 'सँडकास्ट' अशी चिठ्ठी असते, त्यानेही गोंधळ होतो. सुट्या वाळूत ओतलेलं असा अर्थ निघतो. जुन्या नवाहो कामात वाळू नाही, दगड. शब्द बहुधा वालुकाश्मावरून घसरत आला असावा, आता टुफालाही तेच चिकटलंय. मी हल्ली विचारते, "साचा कशाचा होता?" खरा कारागीर खूश होऊन अर्धा तास बोलतो. नुसता विकणारा "हाताने केलंय" एवढंच तीनदा म्हणतो.

आणि ट्रेमध्ये हुबेहूब तशीच दोन कडी दिसली, खळग्यासकट खळगा जुळतोय, की पुढे चालू पडायचं. मात्र गुळगुळीत म्हणजे नेहमी खोटं असंही नाही. जुनी मंडळी दर्शनी बाजू कानशीने घासून आरसा करत. साच्याची खूण पाठीवर, जाळीच्या आतल्या कोपऱ्यांत, जिथे कानस पोचत नाही तिथे शोधायची. होपी कारागीर चार्ल्स लोलोमा आणि त्याच्या पिढीपासून दगडाचा पोत मुद्दाम दर्शनी ठेवायची पद्धत रुळली. होपींच्या कामात आता तोच मिरवतो, नवाहोंच्याही.

पाटलीण

उशिरा आले. सगळं वाचून काढलं एका बैठकीत.

माझ्याकडे एक कडं आहे. डेन्व्हरला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरसामानाच्या विक्रीत मिळालं, चाळीस डॉलरला. काळं पडलेलं, हिरवट खडा, कुठेही शिक्का नाही. रानजाई, तुझं वाचून उलटं केलं तर रवाळ आहे! खळगेसुद्धा! सोबत दोऱ्याने बांधलेली पिवळी चिठ्ठी होती, तिच्यावर आकडे आणि पुसट नाव. शिक्का नाही म्हणजे खोटं का?

वाटसरू_६६

ताई, शिक्का नसणं ही जुन्या कामाला अडचण नाही. १९३० च्या आधी फारसं कोणी नाव ठोकत नव्हतं. ती पिवळी चिठ्ठी टाकू नका! ती गहाणाची असू शकते. व्यापारी ठाण्यावर लोक दागिने ठेवून पीठ, कॉफी, साखर उचलत आणि लोकर किंवा कोकरं विकली की सोडवत. नुसतं कर्जही नव्हतं ते. घरापेक्षा ठाण्याच्या तिजोरीत दागिना सुरक्षित, म्हणून ठेवत आणि विधीपुरता काढून नेत. न सोडवलेला दागिना विक्रीला निघे. इथे त्याला 'मेलेलं गहाण' म्हणतात. १९७० च्या दशकात नियम कडक झाल्यावर राखीव प्रदेशातली ही पद्धत जवळपास बंद पडली आणि गॅलपसारख्या त्या प्रदेशाच्या सीमेवरच्या गावांत गेली. 'मेलेलं गहाण' सांगून नवा माल खपवणारेही भरपूर आहेत, त्यामुळे चिठ्ठीवर एकट्या विसंबू नका. पण रवाळ पाठ, शिक्का नाही, हिरवट खडा आणि वर चिठ्ठी...

मूसकर

पाटलीणबाई, कोंदणाची पट्टी कशी आहे? साधी की करवतीच्या दात्यांसारखी? आणि कडं काळं आहे ते तसंच ठेवा बरं का. खोलगटातला काळेपणा नक्षी उठवतो.

पाटलीण

दातेरी आहे.

आणि अहो, काळं कशाला ठेवू? काल रात्रीच चिंचेच्या पाण्यात टाकलंय. सकाळी रांगोळीने घासणार होते, तेवढ्यात हा धागा दिसला.

खडकाळ

चिंच!! आम्ल!! सच्छिद्र खडा!!

रानजाई

आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. खड्याचं तर आहेच, पण जुन्या कामात खडा कोंदणात उंच बसावा म्हणून त्याखाली लाकडाचा भुसा भरत. पाण्यात तो फुगतो आणि खडा खालून ढकलतो. साध्या पाण्यातही घालायचं नसतं. मऊ कोरड्या फडक्याने पुसायचं, बस.

पाटलीण

काढलं. खडा एका बाजूने उचललाय. खालून ओला भुसा दिसतोय, तांबडा-तांबडा.

मूसकर

दाबू नका! फॅनखाली उलटं ठेवा, दोन-तीन दिवस. उन्हात नको, ड्रायर तर मुळीच नको. सुकला की बसेल खाली. नाही बसला तर कोंदणाचे दाते मोकळे करून भुसा बदलता येतो. आणि जुना भुसा टाकू नका, पुडीत बांधून ठेवा.

रानजाई

पाटलीण, रडतेयस की हसतेयस?

पाटलीण

दोन्ही. चाळीस डॉलरला भुसा असलेलं मिळालं म्हणून हसतेय.